एडवर्ड मरे बॅसेट

एडवर्ड मरे बॅसेट (७ फेब्रुवारी, १८६३ - २७ ऑक्टोबर, १९४८) हे अमेरिकन वकील, राजकारणी आणि नगररचनातज्ज्ञ होते. न्यू यॉर्क शहराच्या १९१६ च्या झोनिंग नियमावलीचे ते प्रमुख शिल्पकार होत. त्यांना अमेरिकेतील झोनिंगचे, म्हणजेच भू-वापरानुसार शहराच्या क्षेत्रविभागणीचे, जनक मानले जाते.

जीवन

बॅसेट यांचा जन्म ब्रुकलिन येथे झाला. अ‍ॅम्हर्स्ट महाविद्यालयातून १८८४ मध्ये पदवी घेतल्यावर त्यांनी कोलंबिया येथे कायद्याचे शिक्षण घेतले. १९०३ ते १९०५ या काळात ते डेमोक्रॅटिक पक्षातर्फे प्रतिनिधिगृहाचे सदस्य होते. १९०८ मध्ये जर्मनीतील ड्युसेलडॉर्फ येथे पाहिलेल्या नगररचना प्रदर्शनाने ते या विषयाकडे ओढले गेले.

झोनिंगचे कार्य

१९१३ मध्ये न्यू यॉर्क शहराने इमारतींच्या उंचीचा प्रश्न अभ्यासण्यासाठी नेमलेल्या आयोगाचे ते अध्यक्ष झाले. १९१५ मध्ये पूर्ण झालेल्या ३८ मजली इक्विटेबल इमारतीमुळे शेजारच्या इमारतींचा उजेड अडला आणि हा प्रश्न अधिक तीव्र झाला. प्रत्येक जमीनमालकाला भरपाई देऊन निर्बंध घालणे शहराला परवडणारे नव्हते. भरपाईविना घातलेले निर्बंध न्यायालयात टिकतील याची खात्री नव्हती.

सार्वजनिक आरोग्य व सुरक्षिततेसाठी नियम करण्याच्या राज्याच्या अधिकारावर बॅसेट यांनी झोनिंगची उभारणी केली. केवळ सौंदर्याच्या कारणावर विसंबणे त्यांनी टाळले. एका प्रकारच्या क्षेत्रात सर्वांना समान नियम, अस्तित्वात असलेल्या वापरांना संरक्षण आणि अडचणीतील मालकासाठी अपील मंडळ, ही त्यांच्या पद्धतीची वैशिष्ट्ये होत. २५ जुलै, १९१६ रोजी ही नियमावली मंजूर झाली.

पुढे वाणिज्यमंत्री हर्बर्ट हूवर यांनी नेमलेल्या समितीत त्यांनी राज्यांसाठी आदर्श झोनिंग कायदा तयार करण्यास हातभार लावला. ठिकठिकाणी प्रवास करून त्यांनी शहरांना मार्गदर्शन केले. १९२६ मध्ये युक्लिड गावाच्या खटल्यात अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने झोनिंग घटनात्मक ठरवले. झोनिंगवरील त्यांचा ग्रंथ १९३६ मध्ये प्रसिद्ध झाला. फ्रीवे हा शब्दही त्यांनीच रूढ केला.

मूल्यमापन

बॅसेट यांनी खासगी मालकी आणि सार्वजनिक हित यांच्यात न्यायालयाला मान्य होईल असा मार्ग काढला. मात्र, पुढे अनेक उपनगरांनी याच साधनाचा वापर करून भाड्याच्या सदनिका, आणि पर्यायाने गरीब कुटुंबे, वेशीबाहेर ठेवली. त्यामुळे त्यांचा वारसा आजही वादाचा विषय आहे.