रसायनशास्त्राचा जमाखर्च : आंत्वान लाव्हाझिए याचें चरित्र

रसायनशास्त्राच्या तासाला फळ्यावर समीकरण लिहिलें कीं वर्गांतील निम्म्या मुलांच्या कपाळास आठ्या पडतात. डाव्या बाजूस कांहीं पदार्थ, उजव्या बाजूस कांहीं पदार्थ, आणि प्रत्येक मूलद्रव्याचे परमाणु दोन्हीकडे सारखे झालेच पाहिजेत असा मास्तरांचा आग्रह! तो कशासाठीं, हें पुष्कळांस ठाऊक नसतें. आंकडे जुळवावयाचे म्हणून जुळवावयाचे, अशा भावनेनें तें काम केलें जातें आणि परीक्षा संपतांच विसरलें जातें. हा आग्रह शास्त्रांत ज्यानें कायमचा रुजविला त्या पुरुषाची हकीकत कळली, तर मुलें त्या दोन बाजूंकडे निराळ्या दृष्टीनें पाहतील असें वाटल्यावरून हा लेख लिहीत आहें. हा पुरुष म्हणजे फ्रेंच शास्त्रज्ञ आंत्वान लोरां लाव्हाझिए. त्याचें सारें आयुष्य तराजूपाशीं गेलें, आणि त्याच्या मृत्यूसही एका परीनें हिशेबच कारण झाला.

आंत्वानचा जन्म २६ ऑगस्ट १७४३ रोजीं पॅरिस शहरीं झाला. वडील वकील असून घरची स्थिति चांगली होती. तो पांच वर्षांचा असतांना त्याची आई वारली व मावशीनें त्याचा सांभाळ केला. ही बाई अविवाहित राहिली आणि तिनें भाच्यास आईची उणीव भासूं दिली नाहीं. माझारें कॉलेजांत शिकून वडिलांच्या इच्छेप्रमाणें त्यानें कायद्याची पदवी घेतली. परंतु त्याचें मन रमलें तें रूएलच्या रसायनशास्त्रावरील व्याख्यानांत आणि गेतार नांवाच्या भूगर्भशास्त्रज्ञाबरोबर केलेल्या प्रवासांत. वकिली त्यानें केलीच नाहीं. शहरांतील रस्त्यांवर रात्रीं दिव्यांची सोय कशी करावी या विषयावरील निबंधाबद्दल १७६६ सालीं त्यास राजाकडून सुवर्णपदक मिळालें, आणि १७६८ सालीं, पंचविशी पुरी होण्यापूर्वींच, तो फ्रान्सच्या विज्ञान अकादमीचा सभासद झाला.

त्याच वर्षीं त्यानें आणखी एक गोष्ट केली, आणि तीच पुढें त्याच्या जिवावर बेतली. मीठ, तंबाखू, जकात वगैरे बाबींवरील कर त्या काळीं फ्रान्सचें सरकार स्वतः वसूल करीत नसे. धनिक लोकांची एक मंडळी राजास ठराविक रक्कम देऊन वसुलीचा मक्ता घेई, आणि वर जें मिळेल तें आपसांत वांटून घेई. या मक्तेदार मंडळींत लाव्हाझिएनें आपला पैसा गुंतविला. शुभवर्तमानांतील जकातदारांविषयीं लोकांस काय वाटत असे तें आठवा, म्हणजे फ्रेंच शेतकऱ्यास या मंडळीविषयीं काय वाटत होतें याची कल्पना येईल. लाव्हाझिए स्वतः लबाड नव्हता. तथापि ज्या पैशावर त्याची उत्तम प्रयोगशाळा उभी राहिली तो कोणाच्या खिशांतून येत होता, हा प्रश्न त्यास फारसा बोचला असें दिसत नाहीं. थोर पुरुषाचें चरित्र लिहितांना ही गोष्ट झांकून ठेवणें मला प्रशस्त वाटत नाहीं.

या मंडळीचा एक भागीदार पोल्झ, याची कन्या मारी आन हिच्याशीं १७७१ च्या डिसेंबरांत त्याचें लग्न झालें. तो अठ्ठावीस वर्षांचा, आणि ती पुरती चौदाचीही नव्हती. आपल्या आज्या-पणज्यांच्या लग्नांची आठवण व्हावी असेंच हें लग्न! परंतु ही मुलगी पतीच्या कामांत खरीखुरी भागीदार झाली. त्यास इंग्रजी येत नसे, म्हणून ती इंग्रजी शिकली आणि इंग्लंडांतील रसायनशास्त्रज्ञांचें लिखाण त्याच्यासाठीं फ्रेंचमध्यें आणूं लागली. दाव्हीद या प्रसिद्ध चित्रकाराजवळ ती चित्रकला शिकली, आणि पतीच्या मुख्य ग्रंथांतील उपकरणांच्या आकृतींचीं तेरा पानें तिनें स्वतः तयार केलीं. प्रयोग चालूं असतां आंकडे टिपून ठेवण्याचें कामही तीच करी.

सकाळीं सहा ते नऊ व रात्रीं सात ते दहा हा लाव्हाझिएचा प्रयोगांचा वेळ असे. मधला दिवस कचेरीच्या कामांत जाई. कचेरींतील कारकुनास जी संवय लागते ती तो प्रयोगशाळेंत घेऊन आला. जमा किती, खर्च किती, शिल्लक किती. आणि मेळ बसत नसेल तर चूक कोठें आहे? पाणी फार दिवस उकळलें असतां त्याची माती होते, असा त्या वेळीं पुष्कळांचा समज होता, कारण पात्राच्या तळाशीं गाळ सांचलेला दिसे. लाव्हाझिएनें एका बंद कांचपात्रांत पाणी घालून तें १०१ दिवस सारखें तापत ठेवलें. आरंभीं व शेवटीं त्यानें पात्र, पाणी आणि गाळ हीं सर्व तोललीं. एकंदर वजन बदललें नव्हतें. पण रिकाम्या पात्राचें वजन घटलें होतें, आणि ही घट जवळजवळ गाळाइतकीच होती. तेव्हां माती पाण्याची झाली नव्हती, तर कांच झिजली होती. दुसऱ्या कोणी गाळ पाहिला असता आणि विषय सोडून दिला असता. यानें पात्रही तोललें, हाच काय तो फरक.

याच संवयीनें त्यानें पुढें एक मोठा जुना सिद्धांत उलथून टाकला. पदार्थ जळतो तेव्हां त्यांतून फ्लोजिस्टॉन नांवाचें द्रव्य बाहेर पडतें, असें शंभर वर्षांच्या आसपास विद्वान् लोक मानीत आले होते. लांकूड जळून राख उरते तें पाहिलें तर हें खरेंच वाटतें. परंतु कथील किंवा शिसें तापवून त्याचें भस्म केलें, तर भस्म मूळ धातूहून जड भरतें. कांहीं बाहेर पडलें आणि वजन मात्र वाढलें, हा जमाखर्च कसा काय? फ्लोजिस्टॉनला उणें वजन असतें असें सांगण्यापर्यंत कांहीं जणांची मजल गेली. गंधक आणि फॉस्फरस हेही जळल्यावर वजनानें वाढतात असें लाव्हाझिएस आढळलें, आणि १ नोव्हेंबर १७७२ रोजीं त्यानें हा शोध एका मोहरबंद लिफाफ्यांत घालून अकादमीच्या चिटणिसाकडे ठेवून दिला. पुढें १७७४ सालीं त्यानें कथील बंद पात्रांत तापविलें. भस्म झालें, पण पात्रासकट एकंदर वजन तेंच राहिलें. पात्राचें तोंड उघडतांच बाहेरची हवा आंत शिरली, आणि तेव्हां कोठें वजन वाढलें. धातूंत जी भर पडली होती ती आंतल्या हवेंतून आली होती, हें उघड झालें.

हवेचा कोणता भाग? येथें इंग्लंडांतील जोसेफ प्रीस्टली याचा संबंध येतो. हा एका स्वतंत्र मंडळीचा धर्मोपदेशक असून रसायनशास्त्रांत मोठा कुशल होता. पाऱ्याचें तांबडें भस्म तापविलें असतां एक विलक्षण वायु निघतो व त्यांत मेणबत्ती झगझगीत जळते, असें त्यास दिसलें होतें. १७७४ च्या ऑक्टोबरांत पॅरिसमध्यें लाव्हाझिएकडे जेवतांना त्यानें ही हकीकत मोकळ्या मनानें सांगितली. लाव्हाझिएनें मागाहून त्या उपकाराची नोंद हवी तितकी केली नाहीं. दुसऱ्यांच्या पदार्थांचा हिशेब इतका चोख ठेवणाऱ्या मनुष्यानें दुसऱ्यांच्या श्रेयाचा हिशेब मात्र ढिला ठेवावा, याचें वाईट वाटतें.

पण प्रयोग पाहा. त्यानें लांब वांकड्या मानेच्या कांचपात्रांत चार औंस पारा घातला, त्या मानेचें टोंक पाऱ्याच्या कुंडींत उपड्या ठेवलेल्या हंडींतील हवेंत नेलें, आणि बारा दिवस पारा सतत तापत ठेवला. त्यावर तांबडे कण जमूं लागले. सुमारें ५० घनइंच असलेली हवा ४२ ते ४३ घनइंचांवर आली, आणि उरलेल्या हवेंत दिवा विझे व प्राणी गुदमरे. मग तें तांबडें भस्म त्यानें गोळा करून तोललें. तें ४५ ग्रेन भरलें. तें अधिक तापवितांच ४१½ ग्रेन पारा पुन्हा मिळाला आणि सात-आठ घनइंच वायु निघाला. म्हणजे वायूच्या वांट्यास साडेतीन ग्रेन आले. आज आपण परमाणुभारांवरून गणित करतों तेव्हां ४५ ग्रेन भस्मांत पारा सुमारें ४१.७ ग्रेन व प्राणवायु सुमारें ३.३ ग्रेन येतो. अडीचशें वर्षांपूर्वींचा तराजू किती खरें बोलत होता तें यावरून दिसतें! जळणें म्हणजे फ्लोजिस्टॉन सोडणें नव्हे, तर प्राणवायूशीं संयोग पावणें, हें आतां कळलें. त्या वायूस त्यानें ऑक्सिजन हें नांव दिलें; त्याचा अर्थ अम्ल उत्पन्न करणारा. प्रत्येक अम्लांत हा वायु असतोच अशी त्याची समजूत होती, आणि ती चुकीची ठरली.

१७८९ सालीं त्याचा रसायनशास्त्रावरील प्राथमिक ग्रंथ प्रसिद्ध झाला. त्यांत त्यानें ३३ मूलद्रव्यांची यादी दिली. प्रकाश व उष्णता हींही त्यांत आहेत, म्हणजे त्याच्याही चुका झाल्या. परंतु द्राक्षरस आंबून त्याचें मद्य होतें त्या प्रकरणांत त्यानें जें मांडलें त्यांत आपल्या समीकरणाचें मूळ आहे. मनुष्याच्या कोणत्याही क्रियेंत नवें द्रव्य निर्माण होत नाहीं; क्रियेपूर्वीं जितकें होतें तितकेंच नंतर असतें, केवळ रूप बदलतें. म्हणून द्राक्षरस एका बाजूस, आणि कर्बाम्ल वायु व मद्यार्क दुसऱ्या बाजूस ठेवून त्या दोहोंत बरोबरीचें नातें आहे असें त्यानें लिहिलें. त्या नात्यावरून न तोललेल्या पदार्थाचें वजनही काढतां येतें. त्या प्रयोगांतील त्याचे आंकडे मागाहून बरेच चुकीचे ठरले, पण चुका एकमेकींस मारून गेल्या आणि निष्कर्ष सत्याच्या जवळ आला. निर्माण करणें हें परमेश्वराचें काम. प्रयोगशाळेंत आपण केवळ इकडचें तिकडे करतों. परमाणूच्या गर्भांतील घडामोडी सोडल्या तर हा नियम आजही आपल्या तराजूस खरा उतरतो.

लाव्हाझिएजवळ आजच्यासारखीं सूत्रें नव्हतीं. परमाणूंची कल्पना डॉल्टननें १८०८ सालच्या ग्रंथांत मांडली, आणि मूलद्रव्यांस अक्षरें देण्याची पद्धत बर्झीलियसनें त्यानंतर कांहीं वर्षांनीं घालून दिली. त्यामुळें आपणांस वजनाऐवजीं परमाणु मोजून तोच हिशेब करतां येतो. हायड्रोजन जळून पाणी होतें तें घ्या. हायड्रोजनचे परमाणु जोडीनें राहतात, प्राणवायूचेही जोडीनें. पाण्याच्या एका रेणूंत हायड्रोजनचे दोन आणि प्राणवायूचा एक परमाणु असतो. एक जोडी हायड्रोजन व एक जोडी प्राणवायु घेऊन पाण्याचा एक रेणु लिहिला, तर प्राणवायूचा एक परमाणु हिशेबांतून नाहींसा होतो. उतावळा विद्यार्थी काय करतो? पाण्याच्या सूत्रांत प्राणवायूखालीं दोनाचा आंकडा लिहून मोकळा होतो. दोन्ही बाजू जुळतात खऱ्या, पण तें आतां पाणी राहिलें नाहीं. तें हायड्रोजन पेरॉक्साइड झालें! हें म्हणजे बेरीज जुळावी म्हणून पावतीवरची रक्कम खोडण्यासारखें आहे. सूत्र हें निसर्गानें दिलेलें. त्यास हात लावावयाचा नाहीं. आपल्या हातीं आहे तें एवढेंच, कीं किती रेणु घ्यावयाचे तें ठरवावें. पाण्याचे दोन रेणु घेतले कीं प्राणवायु जुळला. आतां उजवीकडे हायड्रोजनचे चार परमाणु झाले, म्हणून डावीकडे त्याच्या दोन जोड्या घ्या. पडताळा वजनानें पाहा : ४ ग्रॅम हायड्रोजन, ३२ ग्रॅम प्राणवायु, आणि पाणी बरोबर ३६ ग्रॅम.

ज्या वर्षीं हा ग्रंथ निघाला त्याच वर्षीं फ्रान्समध्यें राज्यक्रांति झाली. लाव्हाझिए सुधारणांचा शत्रु नव्हता. दुष्काळांत ब्लुआ येथील लोकांस धान्यासाठीं त्यानें स्वतःचा पैसा उसना दिला होता. सरकारी दारूखान्याचा कारभार त्यानें सुधारला होता. वजनमापांच्या नव्या पद्धतीसाठीं तो झटत होता. पण तो मक्तेदार होता, हें लोक विसरले नाहींत. चोरटा माल येऊं नये म्हणून पॅरिसभोंवतीं बांधलेली भिंत त्याच्याच सूचनेवरून झाली होती. शिवाय मारा नांवाच्या एका लेखकाच्या अग्निविषयक प्रबंधास अकादमीची मान्यता नाहीं असें त्यानें १७८० सालीं स्पष्ट सांगितलें होतें. हा मारा आतां क्रांतीचा पुढारी झाला होता आणि १७९१ सालीं त्यानें आपल्या पत्रांतून लाव्हाझिएवर जहरी टीका केली.

१७९३ च्या नोव्हेंबरांत सर्व मक्तेदारांस अटक करण्याचा हुकूम सुटला, तेव्हां लाव्हाझिए आपण होऊन स्वाधीन झाला. मक्त्याचे सर्व हिशेब पुरे करून द्यावे म्हणून कैद्यांस त्यांच्या जुन्या कचेरींतच नेऊन ठेवण्यांत आलें. तेथें आपल्या सोबत्यांच्या बचावाचे कागद लाव्हाझिएनें तयार केले. त्या कागदांचा कांहीं उपयोग झाला नाहीं. ८ मे १७९४ रोजीं खटला चालला, आणि त्याच दिवशीं अठ्ठावीस जणांचा शिरच्छेद झाला. सासरा पोल्झ याच्या पाठोपाठ लाव्हाझिएचा क्रम आला. तो पन्नास वर्षांचा होता. शास्त्रज्ञांविषयीं तुच्छतेचे कांहीं उद्गार त्या वेळीं न्यायाधीशानें काढले असें पुष्कळ पुस्तकांत लिहिलेलें असतें. परंतु त्यास विश्वसनीय पुरावा नाहीं, म्हणून ते येथें देत नाहीं.

एकाच दिवशीं पिता व पति गमावलेल्या मारी आनचें सर्व कांहीं जप्त झालें होतें. पुढें राज्यकर्ते बदलले आणि पतीचे कागद, पुस्तकें व उपकरणें तिला परत मिळालीं. त्यानें तुरुंगांत छपाईसाठीं जुळवीत ठेवलेले लेख तिनें पुस्तकरूपानें काढले व शास्त्रज्ञांस वांटले. नंतर रम्फर्ड या शास्त्रज्ञाशीं तिनें लग्न केलें, पण तें टिकलें नाहीं. लाव्हाझिए हें नांव तिनें त्या काळांतही सोडलें नव्हतें. ती १८३६ सालीं वारली. फोर्तें नांवाच्या कारागिरानें बनविलेला तिच्या पतीचा मोठा तराजू पॅरिस येथील संग्रहालयांत ठेवलेला आहे.