पाऊस शोधताना सापडलेला हिवाळा

जानेवारीत एखाद्या वर्षी दिंडोशीत पहाटे स्वेटर शोधावा लागतो, तर पुढच्या वर्षी त्याच दिवसांत पंखा बंद करवत नाही. उपनगरांचे म्हणून जे तापमान आपण वाचतो ते सांताक्रूझ वेधशाळेचे. तिथे २२ जानेवारी १९६२ रोजी पारा ७.४ अंशांवर उतरला होता. पश्चिमी विक्षोभ उत्तर भारतावरून पुढे सरकला की मागून उत्तरेचे गार वारे मुंबईपर्यंत पोहोचतात. हे विक्षोभ भूमध्य समुद्राकडून येतात, आणि त्यांच्या कमी-जास्त जोराचा एक धागा अटलांटिक महासागरावरच्या हवेच्या दाबाशी जोडलेला आहे. तो धागा पकडणारे सर गिल्बर्ट वॉकर सिमल्याच्या कचेरीत बसत.

जन्म १८६८ चा, इंग्लंडमधल्या रॉचडेलचा. केंब्रिजच्या गणित परीक्षेत १८८९ मध्ये पहिले आले. बूमरँग का परत येते, यावर त्यांनी लेखन केले होते. हवामानशास्त्राशी मात्र संबंध नव्हता. तरीही १९०४ मध्ये भारतीय हवामान खाते त्यांच्या हाती आले. १८९९ मध्ये भरपूर पावसाचे भाकीत झाले होते आणि पडला भीषण दुष्काळ. महाराष्ट्र-गुजरातेत माणसे-गुरे मेली. पुढचा पाऊस आधी सांगा, हे वॉकरांचे काम होते.

हवेची समीकरणे सुटण्यासारखी नव्हती. म्हणून जगभरच्या केंद्रांचे दाब, तापमान, पाऊस मागवून त्यांनी परस्परांशी ताडून पाहिले. संगणक नव्हते, सगळी आकडेमोड भारतीय कारकुनांनी हाताने केली. त्यांच्या श्रमांचा उल्लेख क्वचितच होतो. (याच वॉकरांनी १९१३ मध्ये मद्रासला एका कारकुनाच्या वह्या पाहून विद्यापीठाकडे त्याची शिफारस केली. तो कारकून म्हणजे रामानुजन.)

मोसमी पावसाचे भरवशाचे सूत्र काही हाती लागले नाही. हाती लागले ते तीन झोपाळे. त्यांपैकी एक म्हणजे उत्तर अटलांटिक आंदोलन : आइसलँडजवळ दाब उतरतो तेव्हा अझोर्स बेटांपाशी चढतो. दोहोंतला फरक मोठा असला की पश्चिमी वारे जोर धरतात आणि उत्तर युरोपचा हिवाळा सौम्य, ओला जातो. फरक घटला की तिथे कडाका. दुसरा प्रशांत महासागराच्या उत्तरेचा, तिसरा दक्षिणी आंदोलन.

१९२४ मध्ये वॉकर इंग्लंडला परतले आणि लंडनच्या इम्पीरियल कॉलेजात शिकवू लागले. आकडे जुळतात, पण कारण काय, असा आक्षेप तिथेही पाठ सोडेना. आक्षेप रास्त होता. काही संबंध पुढच्या वर्षांत पुसलेही गेले. समुद्राच्या पाण्याची पुरेशी मोजमापे तेव्हा नव्हतीच. ४ नोव्हेंबर १९५८ रोजी ते वारले. त्यानंतर ११ वर्षांनी याकोब ब्यर्कनेस यांनी दक्षिणी आंदोलनाची एल निन्योशी सांगड घातली आणि प्रशांत महासागरावरच्या त्या वाऱ्यांच्या चक्राला वॉकरांचे नाव दिले. अटलांटिकचे कोडे अधिक चिवट निघाले. तिथली बरीच उलथापालथ हवा स्वतःच करते, समुद्र तिला सावकाश वळण देतो. त्या वळणाच्या आधारे युरोपातल्या हिवाळ्याचा अंदाज काही महिने आधी बांधण्याची धडपड आजही चालू आहे.