अमेरिकेत काम मागायला गेलेला पंजाबी शेतकरी गदर पार्टीचा अध्यक्ष कसा झाला?

५ फेब्रुवारी २०२५. अमृतसरच्या विमानतळावर अमेरिकेच्या लष्कराचं एक विमान उतरलं. आत होते १०४ भारतीय. कुणी जमीन विकून गेलेला, कुणी कर्ज काढून. अमेरिकेने त्यांना बेकायदा स्थलांतरित ठरवून परत पाठवलं होतं. त्यात पंजाब, हरियाणा, गुजरातचे लोक जास्त होते, आणि महाराष्ट्रातलेही तिघे होते.

त्या विमानतळापासून काही मैलांवर भकना नावाचं एक गाव आहे. शंभर-सव्वाशे वर्षांपूर्वी या गावातला एक शेतकरीसुद्धा असाच अमेरिकेला गेला होता. त्याचीही जमीन गहाण पडली होती. त्यालाही तिथे काम मिळताना नाकीनऊ आले होते. आणि शेवटी तोही परत आला होता.

फरक एवढाच, की त्याला कुणी परत पाठवलं नव्हतं. तो स्वतः ठरवून आला होता आणि एकटाही आला नव्हता. त्याच्या मागोमाग हजारो मजूर बोटी पकडून मायदेशी निघाले होते.

त्याचं नाव बाबा सोहनसिंग भकना. गदर पार्टीचे पहिले अध्यक्ष.

घरची शेती होती, मग अमेरिका कशाला?

सोहनसिंग यांचा जन्म १८७० चा. ते अगदी लहान असतानाच वडील करमसिंग वारले. आई राम कौर यांनी एकुलत्या एका पोराला वाढवलं. शिक्षण गावातल्या गुरुद्वारात आणि गावच्या शाळेत. उर्दू आणि फारसी त्यांना चांगली यायची. त्या काळच्या रीतीप्रमाणे लग्नही लहानपणीच झालं.

घरची जमीन बऱ्यापैकी होती. पण हाताशी जमीन आणि वर विचारणारं कुणी नाही, म्हटल्यावर व्हायचं तेच झालं. तरुणपणी संगत बिघडली, दारू आली, पैसा उडू लागला. हळूहळू जमीन सावकाराकडे गेली.

पुढे नामधारी पंथातले बाबा केसरसिंग त्यांच्या आयुष्यात आले आणि सोहनसिंगांनी दारू सोडली. माणूस सुधारला, पण कर्ज काही सुटलं नाही.

त्यात पंजाबच्या शेतकऱ्यांचे दिवसही वाईट होते. सारा वाढलेला, कालव्याच्या पाण्याची पट्टी वाढलेली, वर प्लेगची साथ. १९०७ मध्ये सरकारने कालव्यावरच्या वसाहतींसाठी नवा कायदा आणायचा घाट घातला, तेव्हा शेतकरी पेटून उठले. भगतसिंगांचे काका अजितसिंग हे त्या आंदोलनाच्या पुढाऱ्यांपैकी एक. सोहनसिंगही या आंदोलनात उतरले होते.

आंदोलन झालं, कायदा मागे घेतला गेला. पण घरचा हिशेब तसाच राहिला.

आता तो हिशेब जरा मांडून बघा. तेव्हा ब्रिटिश फौजेतल्या हिंदी शिपायाला महिन्याला दहा-अकरा रुपये मिळायचे. अमेरिकेतल्या लाकडाच्या गिरणीत मजुराला दिवसाला दोन डॉलरच्या आसपास मिळतात, अशी बातमी गावोगावी पोहोचली होती. एक डॉलर म्हणजे साधारण तीन रुपये. म्हणजे फौजेतल्या महिनाभराचा पगार तिकडे दोन दिवसांत.

सोहनसिंगांनी विचार केला, चार-पाच वर्षं राबायचं, जमीन सोडवायची आणि परत यायचं. ३ फेब्रुवारी १९०९ ला ते घरातून निघाले आणि दोन महिन्यांनी, एप्रिलमध्ये, सिएटलच्या बंदरावर उतरले. वय होतं ३९.

काम होतं, पण कामासोबत दगडही होते

अमेरिकेच्या वायव्य किनाऱ्यावर वॉशिंग्टन आणि ओरेगन ही दोन राज्यं लागतात. तिथे प्रचंड जंगलं. झाडं तोडायची, ओंडके नदीतून आणायचे, गिरणीत कापायचे, हाच तिथला मोठा धंदा. सोहनसिंगांना पोर्टलंडजवळ एका गिरणीत काम मिळालं. काम अंगमेहनतीचं, पण शेतकऱ्याला त्याचं काय वाटणार?

खरी अडचण दुसरीच होती.

१९०७ साली अमेरिकेत मंदी आली होती. हाताला काम कमी आणि मागणारे जास्त. गिरणीमालक हिंदी मजुरांना गोऱ्यांपेक्षा कमी पैशात राबवायचे. गोऱ्या मजुरांना वाटायचं, हे लोक आपला घास हिसकावतायत. मालकाने दोघांनाही झुंजवलं आणि राग मात्र पगडीवाल्यावर निघाला.

४ सप्टेंबर १९०७ ला वॉशिंग्टन राज्यातल्या बेलिंगहॅम गावात शेकडो गोऱ्यांचा जमाव हिंदी मजुरांच्या खोल्यांवर चालून गेला. मारहाण झाली, सामान लुटलं गेलं आणि सगळ्यांना गावाबाहेर काढण्यात आलं. मार्च १९१० मध्ये तसाच प्रकार पोर्टलंडला लागून असलेल्या सेंट जॉन्समध्ये झाला. मजुरांना खोल्यांतून ओढून काढलं, काहींना ट्राममध्ये कोंबून गावाबाहेर पाठवलं.

सोहनसिंग याच भागात राबत होते. आज या गिरणीत काम, उद्या तिथून हकालपट्टी, परवा दुसऱ्या दारात उभं, असं त्यांचं चाललं होतं.

तो एक प्रसंग

सोहनसिंगांनी पुढे आपल्या आठवणींमध्ये एक प्रसंग सांगितला आहे.

ते आणि त्यांचे सोबती उधमसिंग कसेल एका कारखान्यात काम मागायला गेले होते. (जालियनवाला बागेचा सूड घेणारे उधमसिंग ते वेगळे.) तिथल्या गोऱ्या अधिकाऱ्याने सांगितलं, की काम आहे, पण तुमच्यासाठी नाही. तुम्हाला बघून तर गोळी घालावीशी वाटते, असंही वर ऐकवलं.

यांनी कारण विचारलं. तेव्हा त्याने उलट प्रश्न केला, की तुमच्या देशात माणसं किती? तीस कोटी, हे उत्तर ऐकल्यावर त्याने विचारलं, की ती माणसं आहेत की मेंढरं? माणसं असतील तर मूठभर इंग्रजांच्या हाताखाली कशी राहतात? तुम्हाला बंदुका देतो, आधी जाऊन आपला देश सोडवा. मग परत या, तुमचं स्वागत करायला मी सगळ्यात पुढे असेन.

काम मागायला गेलेली दोन माणसं रिकाम्या हाताने परत फिरली. सोहनसिंगांना हा अपमान आयुष्यभर विसरता आला नाही.

कारण त्या माणसाचा उद्धटपणा बाजूला ठेवला, तरी त्याच्या बोलण्यातली एक गोष्ट ते रोज बघत होते. व्हँकुव्हरमध्ये १९०७ ला जपानी आणि चिनी वस्तीवर हल्ला झाला, तेव्हा कॅनडा सरकारने चौकशी करून नुकसानभरपाई दिली. जपानी माणसामागे जपानचं सरकार उभं होतं. हिंदी माणूस मात्र ब्रिटिश साम्राज्याचा प्रजाजन असूनही ब्रिटिश वकिलातीत त्याची दाद लागत नव्हती. उलट हिंदी मजुरांवर नजर ठेवण्यासाठी सरकारने हेर नेमले होते.

यातले कितीतरी मजूर पूर्वी ब्रिटिश फौजेत होते. ज्या साम्राज्यासाठी लढले, त्याच साम्राज्याचा भाग असलेल्या कॅनडाने १९०८ मध्ये त्यांच्यासाठी दरवाजा बंद केला. मायदेशातून वाटेत न थांबता थेट येणाऱ्यालाच प्रवेश, असा नियम काढला आणि भारतातून थेट बोटच नव्हती.

तेव्हा मजुरांच्या लक्षात आलं, की आपल्याला काम मिळत नाही याचं मूळ या गिरणीत नाही, ते आपल्या देशाच्या गुलामीत आहे.

मजुरांची पार्टी

१९१२ मध्ये पोर्टलंडच्या मजुरांनी एक संघटना काढली. रविवारी सुट्टीला जमायचं, देशातून आलेली वर्तमानपत्रं वाचायची, चर्चा करायची. लोकांनी अध्यक्ष म्हणून निवडलं सोहनसिंगांना.

१९१३ मध्ये तिला मोठं रूप आलं. कॅलिफोर्नियातून लाला हरदयाळ यांना बोलावण्यात आलं. सोहनसिंग अध्यक्ष, हरदयाळ सरचिटणीस आणि लाकडाच्या धंद्यात जम बसवलेले पंडित काशीराम खजिनदार. सॅन फ्रान्सिस्कोत युगांतर आश्रम नावाचं कार्यालय थाटलं आणि १ नोव्हेंबर १९१३ ला 'गदर' या उर्दू साप्ताहिकाचा पहिला अंक निघाला. पाठोपाठ पंजाबी आवृत्ती आली. पेपरच्या नावावरून लोक संघटनेलाच गदर पार्टी म्हणू लागले.

पैसा कुणाचा? याच मजुरांचा. जमीन सोडवायला साठवलेले डॉलर छापखान्यात गेले.

यात आपली मराठी माणसंही होती. वर्ध्याचे पांडुरंग खानखोजे अमेरिकेत शेतीशास्त्र शिकत होते आणि मजुरांमध्ये संघटनेचं काम करत होते. पुण्याजवळच्या तळेगाव ढमढेरेचे विष्णू गणेश पिंगळे इंजिनिअरिंग शिकायला गेले आणि गदरमध्ये सामील झाले.

परतीची बोट

मे १९१४ मध्ये 'कोमागाटा मारू' ही बोट ३७६ प्रवासी घेऊन व्हँकुव्हरला पोहोचली. बहुतेक सगळे पंजाबी, कामाच्या शोधात निघालेले. कॅनडाने मोजक्या लोकांना सोडून बाकीच्यांना किनाऱ्यावर पाय ठेवू दिला नाही. दोन महिने बोट बंदरात अडकली आणि २३ जुलैला तिला परत पाठवण्यात आलं.

सोहनसिंग त्याच सुमारास अमेरिकेतून निघाले. जपानच्या योकोहामा बंदरात त्यांनी कोमागाटा मारूच्या प्रवाशांना गाठलं आणि सोबत आणलेली पिस्तुलं आणि काडतुसं त्यांच्यापर्यंत पोहोचवली.

तेवढ्यात युरोपात महायुद्ध पेटलं. इंग्रज अडकलेत, हीच वेळ आहे, असं म्हणून गदर पार्टीने हाक दिली. मजुरांनी कामं सोडली, हिशेब केले, कुणी शेती वाऱ्यावर सोडली आणि मिळेल त्या बोटीने निघाले.

पण बोटी पोहोचायच्या आधीच सरकार सावध झालं होतं. सप्टेंबर १९१४ मध्ये एक वटहुकूम निघाला. बाहेरून येणाऱ्या कुणालाही संशयावरून स्थानबद्ध करायचा अधिकार सरकारला मिळाला. स्वतःच्या देशात परत येणं हाच जणू गुन्हा ठरला. २९ सप्टेंबरला कोमागाटा मारूचे प्रवासी कोलकात्याजवळ बजबजला उतरले तेव्हा गोळीबार झाला आणि त्यात अनेक प्रवासी मारले गेले.

ऑक्टोबरमध्ये 'नामसंग' बोटीने सोहनसिंग कोलकात्याला पोहोचले. त्यांना बंदरातच अटक झाली. साडेपाच वर्षांनी मायदेशी पाय ठेवला, तो थेट बेड्यांमध्ये.

फाशी, काळं पाणी आणि येरवडा

बाहेर राहिलेल्यांनी काम चालू ठेवलं. पिंगळे बनारसला जाऊन रासबिहारी बोस यांना भेटले आणि त्यांना पंजाबशी जोडलं. छावण्यांमधल्या हिंदी शिपायांनी फेब्रुवारी १९१५ मध्ये उठाव करायचा बेत ठरला. पण आत शिरलेल्या खबऱ्याने तो फोडला. पिंगळे मार्चमध्ये मेरठच्या छावणीत बॉम्बसह पकडले गेले.

सोहनसिंग या सगळ्या काळात तुरुंगात होते, तरी लाहोर कटाच्या खटल्यात तेही आरोपी झाले. सप्टेंबर १९१५ मध्ये २४ जणांना फाशीची शिक्षा झाली. पुढे १७ जणांची फाशी जन्मठेपेत बदलली, त्यात सोहनसिंग होते. उरलेल्या सात जणांना नोव्हेंबर १९१५ मध्ये लाहोरला फाशी दिलं. त्यात १९ वर्षांचा कर्तारसिंग सराभा होता आणि विष्णू गणेश पिंगळेही होते.

सोहनसिंगांना अंदमानला पाठवलं. तिथे कैद्यांना मिळणाऱ्या वागणुकीविरुद्ध त्यांनी उपोषणं केली. १९२१ मध्ये त्यांना कोइमतूरला आणि नंतर पुण्याच्या येरवडा तुरुंगात हलवलं. शीख कैद्यांना पगडी आणि कच्छा वापरता यावा म्हणून येरवड्यातही त्यांनी उपोषण केलं.

त्यानंतर लाहोरचा तुरुंग. १९२८ मध्ये तिथे जेवताना मजहबी शीख कैद्यांना, म्हणजे दलित शिखांना, इतर शिखांपासून वेगळं बसवलं जायचं. सोहनसिंगांनी त्याविरुद्धही अन्न सोडलं. गोऱ्यांच्या देशात रंगावरून वेगळं काढलं जाणं त्यांनी अनुभवलं होतं. आपल्या पंगतीत तेच चाललेलं ते कसं बघून घेणार? १९२९ मध्ये भगतसिंग आणि त्यांच्या साथीदारांनी उपोषण सुरू केलं, तेव्हा साठीला टेकलेले सोहनसिंग त्यांच्या बाजूने उपोषणाला बसले.

जुलै १९३० मध्ये त्यांची सुटका झाली. चार-पाच वर्षांत परत येतो म्हणून निघालेला माणूस २१ वर्षांनी मोकळा झाला होता.

शेवटपर्यंत शेतकरीच

पुढची सगळी वर्षं त्यांनी किसान सभेच्या आणि कम्युनिस्ट पक्षाच्या कामाला दिली. दुसऱ्या महायुद्धात इंग्रजांनी त्यांना राजस्थानातल्या देवळी छावणीत डांबलं. देश स्वतंत्र झाल्यावर १९४८ मध्ये स्वतंत्र भारताच्या सरकारनेही त्यांना काही आठवडे तुरुंगात ठेवलं. २० डिसेंबर १९६८ ला, वयाच्या ९८ व्या वर्षी अमृतसरमध्ये त्यांचं निधन झालं.

गदरचा उठाव फसला, हे खरंच आहे. पण परदेशात गेलेला मजूर हा नुसता पैसे पाठवणारा माणूस नसतो, त्याला मान लागतो आणि तो मान मायदेशाच्या अवस्थेशी बांधलेला असतो, ही गोष्ट या लोकांनी पहिल्यांदा इतकी स्पष्ट मांडली.

आज देश स्वतंत्र आहे, तरी जमीन गहाण टाकून निघणारे कमी झालेले नाहीत. सोहनसिंगांना अमेरिकेत जे कळलं, त्यातला अर्धा प्रश्न १९४७ मध्ये सुटला. उरलेला अर्धा, म्हणजे मुळात घर सोडायची वेळच का येते हा, अजून तसाच आहे.