कचेरीतला काफ्का

फ्रान्झ काफ्काला केवळ स्वप्नाळू, रुग्ण लेखक समजणे अन्यायाचे आहे. १८८३ मध्ये प्रागच्या जर्मनभाषी ज्यू कुटुंबात जन्मलेला हा कायद्याचा डॉक्टर १९०८ पासून १४ वर्षे बोहेमियाच्या कामगार अपघात विमा संस्थेत नोकरीस होता. कारखान्यांची धोक्यानुसार वर्गवारी करावयाची, मालकांच्या हरकतींना उत्तरे द्यावयाची, हे त्याचे काम. रंधा मारणाऱ्या यंत्रात कामगारांची बोटे तुटू नयेत, यासाठीचे उपाय त्याने अहवालात आकृत्यांसह मांडले. दुपारी दोनला कचेरी सुटे, लेखन रात्री.

जुलै १९१४ मध्ये वाङ्‌निश्चय मोडला. ऑगस्टमध्ये, महायुद्ध पेटले असता, त्याने ‘द ट्रायल’ लिहावयास घेतली. गुन्हा न सांगता अटक झालेला जोसेफ के. हा स्वतः बँकेतील वरिष्ठ अधिकारी आहे, हे सहसा विसरले जाते. टेबलामागे बसून इतरांना तिष्ठत ठेवणारा एके सकाळी स्वतःच टेबलापुढे उभा राहतो! कचेरी आतून पाहिलेल्यालाच हे सुचावे.

क्षयाने १९२२ मध्ये नोकरी संपली, १९२४ मध्ये आयुष्य. हस्तलिखिते जाळण्याची त्याची इच्छा मित्र माक्स ब्रोडने मानली नाही. अपुरी कादंबरी १९२५ मध्ये निघाली. त्याच्या तिन्ही बहिणींना पुढे नाझी राजवटीने प्रागबाहेर धाडले. एकही परतली नाही.