चित्रकार पीटर पॉल रूबेन्स व त्याचा नित्यक्रम

प्रतिभावंत माणसाला नियम मानवत नाहीं, लहर लागेल तेव्हां तो काम करितो व लहर ओसरली म्हणजे स्वस्थ बसतो, अशी एक समजूत आपल्या समाजांत रूढ झालेली आहे. ही समजूत कितपत खरी आहे हें ज्याला पाहावयाचें असेल, त्यानें अँटवर्प नगरीचा चित्रकार पीटर पॉल रूबेन्स याच्या चरित्राकडे वळावें. यूरोपांतील राजांनीं ज्याच्या चित्रांची वाट पाहिली, तो हा पुरुष एखाद्या मठवासीयाप्रमाणें घड्याळाच्या ठोक्यावर जगत असे. आणि त्याच्या दिवसाचा आरंभ वेदीपाशीं होत असे.

रूबेन्सचा जन्म ता. २८ जून १५७७ रोजीं जर्मनींतील सीगेन या गांवीं झाला. त्याचा पिता यान रूबेन्स हा अँटवर्पचा कायदेपंडित होता. परंतु कॅल्व्हिनच्या पंथाकडे त्याचा ओढा असल्याच्या संशयावरून त्याला स्वदेश सोडावा लागला, आणि परमुलुखांत ऑरेंजच्या विल्यमच्या पत्नीशीं जडलेल्या निंद्य संबंधामुळें तो बंदिवासांत पडला. देहांत शासनाचें भय समोर उभें असतां त्याची पत्नी मारिया हिनें त्याला क्षमेचीं पत्रें लिहिलीं, व अविरत खटपट करून १५७३ मध्यें त्याची सुटका करविली. त्यानंतर चार वर्षांनीं पीटर पॉल जन्मास आला. पत्नीच्या क्षमेनें सावरलेल्या घरांत तो वाढला, ही गोष्ट त्याचें चरित्र वाचणारानें विसरूं नये. १५८७ मध्यें पिता वारल्यावर मातेनें मुलांसह अँटवर्प गांठलें, आणि तेथें कॅथलिक श्रद्धेच्या छायेंत मुलांचें शिक्षण झालें.

तेराव्या वर्षीं तो एका सरदार घराण्यांत हुजऱ्या म्हणून राहिला. पण तें जिणें त्याला रुचलें नाहीं. मग एकामागून एक तीन गुरूंजवळ त्यानें चित्रकलेचे धडे घेतले, व १५९८ मध्यें अँटवर्पच्या चित्रकारांचा जो संत लूकच्या नांवाचा संघ होता त्यांत त्याची उस्ताद म्हणून नोंद झाली. १६०० सालीं तो इटलींत गेला. मान्तुआच्या ड्यूकच्या पदरीं राहून त्यानें आठ वर्षें प्राचीन शिल्पें व थोर चित्रकारांच्या कृति डोळ्यांत सांठविल्या. १६०८ मध्यें माता अत्यवस्थ असल्याची वार्ता कळतांच तो तांतडीनें निघाला, परंतु तो घरीं पोहोंचण्यापूर्वींच ती माउली देवाघरीं गेली होती.

इटलीस परतण्याचा त्याचा विचार होता. पण अँटवर्पनें त्याला ठेवून घेतलें. १५६६ मध्यें मूर्तिभंजक जमावांनीं तेथील ख्रिस्तमंदिरांतील मूर्ति व वेद्या फोडल्या होत्या. १६०९ मध्यें बारा वर्षांचा युद्धतह झाला, व्यापार सावरला, आणि उघड्या पडलेल्या वेद्यांना पुन्हां चित्रें हवीं झालीं. त्याच वर्षीं आर्चड्यूक आल्बर्ट व इझाबेला यांनीं रूबेन्सला दरबारी चित्रकार नेमिलें. तथापि ब्रुसेल्सच्या दरबारांत न राहतां अँटवर्पमध्येंच राहण्याची मोकळीक त्यानें मिळविली. त्याच वर्षीं इझाबेला ब्रांट हिच्याशीं त्याचा विवाह झाला. पुढील पांच वर्षांत त्यानें क्रूस उभारण्याच्या व ख्रिस्ताचें शरीर क्रूसावरून उतरविण्याच्या प्रसंगांचीं तीं दोन विशाल वेदीचित्रें रंगविलीं, जीं आज अँटवर्पच्या महामंदिरांत आहेत. दुसऱ्या चित्रांत शुभ्र वस्त्रावरून प्रभूचा देह अलगद खालीं येत आहे, आणि जो तो हात पुढें करून त्याला आधार देत आहे. तें पाहणारा मनुष्यही नकळत आपला हात पुढें करील, असें तें चित्र आहे.

आतां त्याचा नित्यक्रम पाहूं. त्याच्या पुतण्याकडून पुढील पिढीस जी माहिती मिळाली तीवरून दिसतें कीं, तो पहांटे चार वाजतां उठे आणि पवित्र मिस्सा ऐकून मगच कामाला लागे. वातरक्ताच्या दुखण्यानें अगदींच खिळून टाकलें तरच हा नियम मोडे. मग तो चित्रफलकासमोर उभा राही. जवळ एक पगारी वाचक बसून प्लूटार्क, लिव्ही, सेनेका यांचे ग्रंथ मोठ्यानें वाचून दाखवी. जड अन्नानें बुद्धीला मांद्य येतें म्हणून दुपारीं तो अगदीं हलकें खाई. संध्याकाळीं पांच वाजेपर्यंत असें काम चाले. नंतर एखाद्या उमद्या स्पॅनिश घोड्यावर बसून तो गांवाबाहेर फेरफटका करी, व परतल्यावर मित्रांसमवेत बेताचें भोजन घेई. मद्याचा अतिरेक व जुगार यांचा त्याला तिटकारा होता. येशूसंघीयांच्या देखरेखीखालीं चालणाऱ्या मारियाभक्तांच्या मंडळाचाही तो सभासद होता.

१६२१ मध्यें ओटो स्पर्लिंग नांवाचा एक तरुण वैद्यकाचा अभ्यासक त्याची चित्रशाळा पाहावयास गेला. रूबेन्स चित्र रंगवीत होता, टॅसिटसचा ग्रंथ ऐकत होता, व त्याच वेळीं एक पत्रही सांगून लिहवीत होता. पाहुणे संकोचानें गप्प राहिले, तेव्हां हातांतलें काम न थांबवितां त्यानें त्यांच्याशीं संभाषणही सुरू केलें. दुसऱ्या एका दालनांत अनेक तरुण चित्रकार बसले होते. रूबेन्सनें खडूनें आंखून व मधून मधून रंगाचा स्पर्श करून दिलेलीं चित्रें ते पुरीं करीत, आणि शेवटचा हात तो स्वतः फिरवीत असे.

येथें कोणी विचारील कीं, मग चित्र कोणाचें? रूबेन्सनें हा प्रश्न टाळला नाहीं. १६१८ मध्यें प्राचीन संगमरवरी मूर्तींच्या बदल्यांत एका इंग्रज वकिलास चित्रें देऊं करतांना त्यानें यादींत स्पष्ट लिहून कळविलें कीं, अमुक चित्र सर्वस्वी माझ्या हातचें आहे, अमुक शिष्यानें केलें असून मीं सुधारलें आहे. सिंहांच्या गुहेंतील दानिएलाचें सहाशें फ्लोरिन किंमतीचें चित्र त्यानें सर्वस्वी स्वतःचें म्हणून दिलें. ज्याचें नांवच नाणें म्हणून चालत होतें त्यानें असा निवाडा स्वतः होऊन लिहून द्यावा, यांत त्याच्या मनाची सचोटी दिसते.

अँटवर्पच्या येशूसंघीय मंदिरासाठीं त्यानें संत इग्नाती व संत फ्रान्सिस झेवियर यांचीं दोन थोर वेदीचित्रें केलीं. ज्या संताचें पवित्र शरीर आपल्या गोव्यांत आहे, त्याला रूबेन्सनें काळ्या झग्यांत, हात उंचावून उपदेश करतांना दाखविलें आहे. भोंवतीं रोगी व पूर्वेकडील वेषांतले लोक दाटले आहेत. हें चित्र झालें तेव्हां फ्रान्सिसला संतपद मिळावयाचें होतें. तें १६२२ मध्यें मिळालें. आज तें व्हिएन्नाच्या संग्रहालयांत आहे. त्याच मंदिराच्या छतासाठीं ३९ चित्रांचा करार १६२० मध्यें झाला. लहान लाकडी फळ्यांवरील आराखडे रूबेन्सनें स्वहस्तें करावे, व मोठीं चित्रें व्हॅन डाइक वगैरे शिष्यांनीं रंगवावीं, असें ठरलें. १७१८ मध्यें वीज पडून आग लागली व तीं सर्व छतचित्रें भस्मसात् झालीं. परंतु त्याच्या हातच्या त्या लहान फळ्यांपैकीं कित्येक आजही सुरक्षित आहेत.

१६२३ मध्यें त्याची बारा वर्षांची कन्या क्लारा सेरेना वारली, आणि १६२६ मध्यें पत्नीही गेली. एका मित्राला त्यानें कळविलें कीं, आपण दुःखापुढें अचल असल्याचें सोंग आणणार नाहीं. ज्या घरांत प्रत्येक वस्तु तिची आठवण करून देते तें घर कांहीं काळ सोडणेंच बरें. पुढें त्यानें स्पेन व इंग्लंड यांच्यामधील तहाच्या वाटाघाटी केल्या, आणि १६३० मध्यें तो तह झाला. माद्रिद व लंडन येथील या धांवपळींतही कुंचला त्यानें खालीं ठेविला नाहीं. त्याच वर्षीं हेलेना फोरमेंट हिच्याशीं त्याचा दुसरा विवाह झाला, आणि घर पुन्हां मुलांनीं गजबजलें.

अखेरच्या वर्षांत वातरक्तानें त्याचा उजवा हात धरला. ज्या हातानें एवढें वैभव उभें केलें, तो कित्येक दिवस कुंचलाही धरूं शकेना. ता. ३० मे १६४० रोजीं त्याचें देहावसान झालें. संत याकोबाच्या मंदिरांत त्याच्या नांवानें प्रार्थनागृह बांधावें काय, असें आप्तांनीं त्याच्या अंतकाळीं विचारलें होतें. आपण त्या मानास पात्र आहों असें घरच्यांस वाटल्यास त्यांनीं खुशाल बांधावें, व तेथें आपल्या हातचें पवित्र मारियेचें चित्र ठेवावें, एवढेंच त्यानें सांगितलें. त्याप्रमाणें तें चित्र त्याच्या समाधीवर आहे.

वाचकहो, देवानें रूबेन्सला दिलेली प्रतिभा आपणां सर्वांस दिलेली नाहीं. पण त्याची पहांट मात्र आपणां प्रत्येकास रोज मिळते. शेतकरी नांगर धरो, सुतार रंधा धरो, कीं गृहिणी चूल पेटवो. दिवसाचा पहिला क्षण देवाला वाहून उरलेला दिवस सचोटीनें कामाला देणें, ही कला कोणालाही साधण्यासारखी आहे.