केंब्रिजचा ‘स्मिथ’

देशातील सर्वांत प्रतिष्ठेची क्रिकेट स्पर्धा ज्यांच्या नावाने खेळली जाते, त्या रणजितसिंहजींचे क्रिकेट भारतात नव्हे, तर इंग्लंडमध्ये घडले. तेही केंब्रिज विद्यापीठात विद्यार्थी म्हणून घालवलेल्या चार-पाच वर्षांत. अभ्यासाच्या दृष्टीने ही वर्षे जवळजवळ वायाच गेली. प्रवेशपूर्व परीक्षेत ते नापास झाले होते आणि विद्यापीठाची पदवीही त्यांना मिळाली नाही. तरीही त्या काळात केंब्रिजला आलेल्या भारतीयांपैकी तिथल्या सामान्य माणसाच्या तोंडी नाव बसले ते त्यांचेच.

१० सप्टेंबर १८७२ रोजी काठियावाडातील सरोदर या लहानशा गावी त्यांचा जन्म झाला. नवानगरचे जामसाहेब विभाजी यांनी १८७८ मध्ये त्यांना वारस म्हणून निवडले; परंतु पुढे जामसाहेबांना मुलगा झाला आणि १८८४ मध्ये इंग्रज सरकारने त्या मुलाच्या वारसाहक्कास मान्यता दिली. तेव्हा रणजितसिंहजी राजकोटच्या राजकुमार कॉलेजात शिकत होते. गादी गेली, तरी शिक्षणाचा खर्च आणि तनखा जामसाहेबांकडून मिळत राहिला. पुढील कहाणी समजून घेण्यासाठी ही परिस्थिती ध्यानात ठेवायला हवी. इंग्लंडमध्ये सगळे ज्यांना ‘प्रिन्स’ म्हणत, त्यांच्या नावावर त्या वेळी कोणतेही राज्य नव्हते.

राजकुमार कॉलेजचे प्राचार्य चेस्टर मॅकनॉटन हे स्वतः केंब्रिजमध्ये शिकलेले. मार्च १८८८ मध्ये ते आपल्या तीन विद्यार्थ्यांना घेऊन इंग्लंडला निघाले. त्या उन्हाळ्यात लंडनच्या ओव्हल मैदानावर रणजितसिंहजींनी पाहुण्या ऑस्ट्रेलियन संघाचा सामना पाहिला आणि चार्ल्स टर्नर यांचे शतक पाहून ते भारावून गेले. राजकोटला त्यांनी क्रिकेट खेळले होते; पण इंग्लंडमधील खेळ किती वेगळ्या पातळीवरचा आहे, हे त्यांना त्या दिवशी कळले असावे. तीन विद्यार्थ्यांपैकी रणजितसिंहजी आणि रामसिंहजी हे दोघे इंग्लंडमध्ये राहिले. ट्रिनिटी कॉलेजचे धर्मोपदेशक रेव्हरंड लुई बॉरिसो यांच्या घरी त्यांची सोय झाली. १८८९ मध्ये प्रवेशपूर्व परीक्षेत अपयश आले, तरी घराण्याच्या प्रतिष्ठेचा विचार करून दोघांनाही ट्रिनिटीत दाखल करून घेण्यात आले. जन्माच्या आधारे प्रवेश देण्यात त्या काळच्या केंब्रिजला काही वावगे वाटत नसे.

ट्रिनिटी हे न्यूटनचे कॉलेज. पण १८९० च्या आसपास तिथे येणारा प्रत्येक तरुण विद्वान होण्यासाठी येत होता, असे मानणे भाबडेपणाचे ठरेल. मोठ्या जमीनदारांची आणि उमरावांची मुले येत ती मुख्यतः ओळखी जोडायला. अंधार पडल्यावर रस्त्यावर झगा आणि चौकोनी टोपी घालूनच फिरायचे, भोजनगृहात ठरावीक वेळी हजेरी लावायची, दरवाजे बंद होण्याच्या आत परतायचे, एवढी शिस्त पाळली की बाकीचा दिवस ज्याचा त्याला मोकळा. हिवाळ्यात कॅम नदीवर होड्यांच्या शर्यतींचा सराव, उन्हाळ्यात क्रिकेट आणि टेनिस, संध्याकाळी युनियनमधील वादविवाद आणि खोल्यांवरच्या मेजवान्या असा क्रम असे. त्यांपैकी खेळाचे स्थान फार वरचे. ऑक्सफर्डविरुद्धच्या वार्षिक लढतीत जो खेळेल त्याला ‘ब्लू’ म्हणत, आणि फिकट निळ्या रंगाची ती टोपी पदवीपेक्षाही मोलाची समजली जाई.

याच सुमारास केंब्रिजमध्ये आणखी एक भारतीय तरुण होता. किंग्ज कॉलेजचा विद्यार्थी अरविंद घोष. अभिजात भाषांच्या परीक्षेत प्रथम वर्ग मिळवूनही तिसरे वर्ष पुरे न केल्यामुळे त्यालाही पदवी मिळाली नाही आणि १८९२ मध्ये त्याने केंब्रिज सोडले. १८९१ मध्ये तेथील भारतीय विद्यार्थ्यांनी ‘मजलिस’ ही संस्था स्थापन केली, तीत अरविंदांची भाषणे होत. एकाच गावात, एकाच वेळी दोन भारतीय विद्यार्थी इतक्या भिन्न वाटांनी चालले होते.

रणजितसिंहजींचे लांबलचक नाव इंग्रज जिभेला पेलवेना. सहाध्यायांनी त्यावर सोपा उपाय काढला आणि त्यांचे नाव ‘स्मिथ’ ठेवले. ‘रणजी’ हे नाव नंतरचे. या ‘स्मिथ’मध्ये आपुलकी किती आणि टिंगल किती, हे आज ठरवणे अवघड आहे. मात्र सुरुवातीची वर्षे एकटेपणाची होती, एवढे खरे. १८९२ मध्ये बॉरिसो यांचे घर सोडून त्यांनी शहरात स्वतंत्र बिऱ्हाड थाटले आणि तिथे मेजवान्यांचा रतीब सुरू झाला. उंची कपडे, दागिने, मित्रांना भेटवस्तू यांवर पैसा पाण्यासारखा वाहू लागला. तनखा अपुरा पडे. दुकानदार मात्र प्रिन्सला उधार द्यायला एका पायावर तयार असत. परक्या समाजात स्थान मिळवण्यासाठी औदार्याचा हा मार्ग त्यांनी पत्करला, असे त्यांच्या चरित्रकारांना वाटते. आणि ते पटण्यासारखे आहे.

पैसा ज्यावर खर्च झाला आणि सार्थकी लागला, अशी एकच गोष्ट होती. ती म्हणजे क्रिकेटचा सराव. केंब्रिजच्या मध्यभागी पार्कर्स पीस नावाचे विस्तीर्ण सार्वजनिक मैदान आहे. मुंबईच्या आझाद मैदानाप्रमाणेच तिथे एका वेळी अनेक सामने चालत. एका सामन्याचा क्षेत्ररक्षक दुसऱ्या सामन्याच्या यष्ट्यांजवळ उभा. जॅक हॉब्जसारखा महान फलंदाज लहानपणी याच गवतावर खेळला. विद्यापीठाच्या संघाचे फेनर्स हे मैदान वेगळे, कुंपणाआडचे. तिथे शिरकाव नसलेले रणजी पार्कर्स पीसवर गावातील कारागीर आणि दुकानदारांच्या संघांतून खेळत. एका सामन्यात शतक काढून बाद झाल्यावर शेजारच्या सामन्यात आणि तिथून तिसऱ्या सामन्यात जाऊन एकाच दिवशी त्यांनी तीन शतके झळकावली, अशी कथा सांगितली जाते. कथेत मीठमसाला असेलही. पण ती त्यांच्याविषयीच सांगितली गेली, हे लक्षणीय आहे.

सरावासाठी त्यांनी व्यावसायिक गोलंदाज पदरचे पैसे देऊन बोलावले. टॉम रिचर्डसन आणि बिल लॉकवूड हे पुढे इंग्लंडसाठी खेळलेले वेगवान गोलंदाज जाळीत तासन् तास त्यांना चेंडू टाकत. वेगवान चेंडू आला की रणजींचा उजवा पाय मागे, लेगकडे सरके. ही खोड मोडण्यासाठी केंब्रिजचे प्रशिक्षक डॅन हेवर्ड यांनी तो पायच जमिनीशी बांधून ठेवला. पाय हलेना, तेव्हा शरीराच्या रोखाने येणाऱ्या चेंडूचे करायचे काय? रणजींनी कंबरेतून किंचित वळून, मनगटाच्या हलक्या झटक्याने चेंडू पायांमागे सीमारेषेकडे धाडायला सुरुवात केली. ‘लेग ग्लान्स’ असा घडला. यष्टीवर आलेला सरळ चेंडू आडव्या दिशेने वळवणे हे तेव्हाच्या फलंदाजीच्या शास्त्रात बसत नव्हते. चेंडू ऑफच्या बाजूला रुबाबात मारावा, हा सभ्य रिवाज. त्यामुळे बघ्यांना मौज वाटे आणि जाणकार मान हलवत.

असाच एक जाणकार होता विद्यापीठाचा कर्णधार स्टॅन्ली जॅक्सन. हॅरो या नामांकित शाळेतून आलेल्या या तरुणाने पार्कर्स पीसवर रणजींचा खेळ पाहिला होता, आणि त्याला तो पोरखेळ वाटला. १८९२ च्या मोसमात रणजी ट्रिनिटीच्या संघात आले, धावाही मुबलक काढल्या. परंतु विद्यापीठ संघाचे दार उघडले नाही. कारण केवळ शैलीचे नव्हते. भारतीय तरुण या संघात खेळू शकेल, ही कल्पनाच तोवर कोणी केली नव्हती. आपण त्या वेळी रणजींकडे पुरेशा सहानुभूतीने पाहिले नाही, हे जॅक्सनने पुढे मान्य केले.

त्याचे मत पालटले ते भारतात. १८९२-९३ च्या हिवाळ्यात लॉर्ड हॉक यांचा संघ भारताच्या दौऱ्यावर आला, त्यात जॅक्सन होता. डिसेंबर १८९२ मध्ये मुंबईत पारशी संघाने या पाहुण्यांना १०९ धावांनी हरवले. दुसरा सामना हॉक यांच्या संघाने जिंकला खरा, पण अवघ्या सात धावांनी. भारतीय माणूस क्रिकेट गांभीर्याने खेळतो आणि उत्तम खेळतो, हे जॅक्सनला मुंबईच्या मैदानावर पाहायला मिळाले. रणजींच्या निवडीचे श्रेय देताना पारशी खेळाडूंचा हा वाटा बहुधा विसरला जातो.

मे १८९३ मध्ये रणजी फेनर्सवर विद्यापीठाकडून प्रथम श्रेणीचा पहिला सामना खेळले. पाठोपाठ ऑस्ट्रेलियन संघ आला, त्याच्याविरुद्ध त्यांनी ५८ धावांची खेळी केली आणि ‘ब्लू’ निश्चित झाला. हा मान मिळवणारे ते पहिले भारतीय क्रिकेटपटू. लॉर्ड्सवर ऑक्सफर्डविरुद्धच्या सामन्यात ते मैदानात उतरले तेव्हा प्रेक्षकांनी टाळ्यांच्या कडकडाटात स्वागत केले. पण पहिल्या डावात नऊ आणि दुसऱ्या डावात शून्य, एवढीच त्यांची कमाई. तो सामना गाजला वेगळ्याच कारणाने. ठरावीक धावांनी मागे पडलेल्या संघाला लगेच पुन्हा फलंदाजी करावी लागे. ऑक्सफर्डवर ही पाळी येऊ नये, आपल्याला शेवटी फलंदाजी करावी लागू नये, म्हणून केंब्रिजच्या गोलंदाजाने मुद्दाम स्वैर चेंडू टाकून धावा बहाल केल्या. सभ्य गृहस्थांच्या खेळातील या युक्तीवर बरीच टीका झाली. सामना मात्र केंब्रिजने सहज जिंकला.

दुसरे वर्ष रणजींना मिळाले नाही. १८९४ चा मोसम सुरू होण्यापूर्वीच त्यांनी केंब्रिज सोडले. परीक्षा दिलेल्या नव्हत्या, बॅरिस्टर होण्याचा बेत कागदावरच राहिला होता आणि देणेकऱ्यांची यादी वाढत चालली होती. १८९५ मध्ये जामसाहेब विभाजी निवर्तले आणि तनख्याची शाश्वतीही संपली. याच वर्षी ससेक्स परगण्याकडून लॉर्ड्सवर खेळताना पहिल्याच सामन्यात त्यांनी नाबाद ७७ आणि १५० धावा काढल्या. १८९६ मध्ये इंग्लंडकडून ओल्ड ट्रॅफर्डच्या कसोटीत पदार्पण करून ६२ आणि नाबाद १५४ धावा. त्या आधी लॉर्ड्सच्या कसोटीसाठी त्यांची निवड झाली नव्हती. वसाहतीतील माणसाने इंग्लंडकडून खेळू नये, असे लॉर्ड हॅरिस यांचे मत होते. मुंबईचे माजी गव्हर्नर असलेल्या हॅरिस यांचा जन्म त्रिनिदादमधला होता, ही गंमत सांगितल्यावाचून राहवत नाही.

त्याच सप्टेंबरमध्ये केंब्रिज शहराने रणजींच्या सन्मानार्थ मोठी मेजवानी दिली. विद्यापीठातील थोर मंडळींच्या बरोबरीने गावकरीही तिला हजर होते. पुढल्याच महिन्यांत र. पु. परांजपे नावाचा कोकणातील विद्यार्थी सेंट जॉन्स कॉलेजात दाखल झाला. तीन वर्षांनी सीनियर रँग्लर होऊन त्याने गणिताचे मैदान मारले. एकाच दशकात केंब्रिजला भारतीयांची ओळख अशी दोन टोकांनी झाली.

रणजी १९०७ मध्ये नवानगरच्या गादीवर बसले, २ एप्रिल १९३३ रोजी जामनगरला त्यांचे निधन झाले. पंधरा कसोटींत ९८९ आणि प्रथम श्रेणीत २४,६९२ धावा त्यांच्या नावावर आहेत. पुतण्या दुलीपसिंहजींनाही त्यांनी केंब्रिजला पाठवले आणि ते दोघेही इंग्लंडचे खेळाडू आहेत, अशीच भूमिका घेतली. भारतीय क्रिकेटसाठी संस्थानाधिपती म्हणून त्यांनी फारसे काही केले नाही, हा आक्षेप त्यांच्या हयातीतही घेतला जात होता आणि तो खोडून काढणे कठीण आहे. त्यांच्या मृत्यूनंतरच्या वर्षी, १९३४ मध्ये, राष्ट्रीय स्पर्धा सुरू झाली. तिचा करंडक दिला तो पतियाळाचे महाराज भूपिंदरसिंह यांनी, आणि त्यावर नाव घातले रणजींचे. मुंबईने २०२४ मध्ये तो ४२ व्यांदा जिंकला.