शिपायांच्या निवृत्तिवेतनासाठी पद सोडणारे पोलीस आयुक्त : जेम्स मन्रो

लंडनच्या महानगर पोलीस दलाचे तीन आयुक्त १८८६ ते १८९० या पाच वर्षांत एकापाठोपाठ एक पायउतार झाले. फेब्रुवारी १८८६ मध्ये वेस्ट एंड भागात झालेल्या दंगलीनंतर सर एडमंड हेंडरसन यांना पद सोडावे लागले. नोव्हेंबर १८८८ मध्ये सर चार्ल्स वॉरन यांनी राजीनामा दिला. जून १८९० मध्ये जेम्स मन्रो हेही बाहेर पडले. पहिल्या दोघांच्या जाण्यामागे जनतेची टीका आणि गृहखात्याची नाराजी होती. मन्रो यांच्या राजीनाम्याचे मुख्य कारण मात्र आपल्या हाताखालील शिपायांचे निवृत्तिवेतन हे होते.

मन्रो यांचा जन्म १८३८ मध्ये एडिनबरा येथे झाला. स्पर्धा परीक्षा उत्तीर्ण होऊन १८५७ मध्ये ते भारतीय मुलकी सेवेत दाखल झाले. बंगालमध्ये त्यांनी दंडाधिकारी, जिल्हाधिकारी व जिल्हा न्यायाधीश म्हणून काम केले. पुढे ते त्या प्रांताचे पोलीस महानिरीक्षक आणि प्रेसिडेन्सी विभागाचे आयुक्त झाले. सुमारे सत्तावीस वर्षांच्या सेवेनंतर १८८४ मध्ये ते मायदेशी परतले आणि स्कॉटलंड यार्डच्या गुन्हे अन्वेषण विभागाचे सहायक आयुक्त झाले.

तो काळ आयरिश क्रांतिकारकांच्या स्फोटांचा होता. त्याच वर्षीच्या मे महिन्यात खुद्द स्कॉटलंड यार्डच्या इमारतीत स्फोट झाला होता. जानेवारी १८८५ मध्ये लंडनचा किल्ला आणि संसद भवन हादरले. या प्रकरणांच्या तपासामुळे मन्रो यांचा लौकिक वाढला. गुप्त कामाच्या निमित्ताने त्यांचा थेट गृहखात्याशी संबंध येत असे. लष्करी शिस्तीचे आयुक्त वॉरन यांना ही व्यवस्था मान्य नव्हती. बंगालमधील परिचित मेलव्हिल मॅकनॉटन यांची नेमणूक वॉरन यांनी रोखल्यावर वाद विकोपाला गेला आणि ऑगस्ट १८८८ मध्ये मन्रो यांनी सहायक आयुक्तपद सोडले.

याच सुमारास व्हाइटचॅपलमधील स्त्रियांच्या हत्यांनी लंडन भयभीत झाले. मारेकरी सापडेना, तसा वृत्तपत्रांचा रोष वॉरन यांच्यावर वळला. ट्रफाल्गर चौकातील मोर्चावर १८८७ मध्ये झालेल्या बळाच्या वापराचा राग लोकांच्या मनात होताच. त्यातच गृहखात्याच्या परवानगीविना पोलीस प्रशासनावर लेख प्रसिद्ध केल्याचा ठपका वॉरन यांच्यावर आला आणि त्यांनी राजीनामा दिला. त्यांच्या जागी मन्रो आले.

आयुक्तपदाच्या दीड वर्षात मन्रो यांनाही तो मारेकरी हाती लागला नाही. मात्र त्यांची गृहमंत्री हेन्री मॅथ्यूज यांच्याशी निर्णायक लढत झाली ती वेगळ्याच प्रश्नावर. शिपायाच्या वेतनातून निवृत्तिनिधीसाठी कपात होत असे. तरीही निवृत्तिवेतन हा त्याचा हक्क मानला जात नव्हता. ते मिळणे बहुतांशी वैद्यकीय दाखला आणि वरिष्ठांची मर्जी यांवर अवलंबून असे. रात्रीची गस्त, थंडी आणि मारहाण सोसून खंगलेला शिपाई उतारवयात कुणाच्या तरी कृपेची वाट पाहत राही. सरकारने या संदर्भात विधेयक आणले. पण त्यातील तरतुदी लंडनच्या दलावर अन्याय करणाऱ्या आहेत, असे मन्रो यांचे मत होते. सहायक आयुक्ताच्या रिक्त पदावर गृहमंत्री आपल्या खासगी सचिवाला बसवू पाहत असल्याचा वादही सोबत होताच. अखेर जूनमध्ये मन्रो यांनी राजीनामा दिला.

या निर्णयावर तेव्हाही दोन मते होती. समर्थकांना त्यात तत्त्वनिष्ठा दिसली, तर विरोधकांना हटवादीपणा. त्याची किंमत केवळ त्यांनाच मोजावी लागली, असेही नाही. दलातील असंतोष उसळला असताना त्यांच्या बाजूने बोलणारा प्रमुख उरला नव्हता. राजपुतान्यात सेवा बजावलेले सर एडवर्ड ब्रॅडफर्ड नवे आयुक्त झाले. जुलैमध्ये बो स्ट्रीट ठाण्याच्या शिपायांनी कामावर जाण्यास नकार दिला, तेव्हा ३९ जणांना बडतर्फ करण्यात आले. त्यांची नोकरी गेली आणि तिच्याबरोबर उतारवयातील आधाराची आशाही मावळली.

त्याच वर्षी पोलीस कायदा संमत झाला. पंचवीस वर्षांच्या सेवेनंतर निवृत्तिवेतन हा इंग्लंड व वेल्समधील पोलिसांचा हक्क ठरला. गंभीर गुन्ह्यात शिक्षा झाल्यास ते गमावण्याची तरतूदही त्याच कायद्यात होती. टीका आणि सिद्ध झालेला अपराध या दोन भिन्न गोष्टी आहेत, हे सूत्र अशा रीतीने कायद्यात आले.

भारतातही हा विचार पुढे रुजला. सर्वोच्च न्यायालयाने १९७१ मध्ये देवकीनंदन प्रसाद आणि १९८२ मध्ये डी. एस. नकारा या खटल्यांत निवृत्तिवेतन ही शासनाची मेहेरबानी नसून हक्क असल्याचे स्पष्ट केले. त्याच वेळी, गंभीर गैरवर्तन सिद्ध झाल्यास ते रोखण्याचा वा कमी करण्याचा अधिकार भारतीय पोलीस सेवेलाही लागू असलेल्या १९५८ च्या नियमांनी शासनाकडे ठेवला आहे. टीकेच्या वादळात पद सोडणाऱ्या अधिकाऱ्याचे उत्तरदायित्व राजीनाम्याने संपत नाही. आणि केवळ टीका झाली म्हणून त्याने कमावलेला हक्कही बुडत नाही. या दोहोंचा निवाडा चौकशीनेच व्हावा लागतो.

मन्रो मात्र लंडनमध्ये रमले नाहीत. बहुतेक आयुक्तांच्या वाट्याला आलेला सर हा किताबही त्यांना मिळाला नाही. ते पुन्हा बंगालमध्ये आले आणि नदिया जिल्ह्यातील राणाघाट येथे त्यांनी १८९३ मध्ये वैद्यकीय मिशन स्थापन केले. एके काळी आयुक्त म्हणून ज्या विभागाचा कारभार त्यांनी पाहिला, त्याच विभागात आता ते आजारी माणसांच्या सेवेसाठी राहिले. १९२० मध्ये त्यांचे निधन झाले. व्हाइटचॅपलचा मारेकरी न सापडल्याच्या कहाणीत त्यांचे नाव आजही घेतले जाते. शिपायांच्या निवृत्तिवेतनासाठी त्यांनी पद सोडले, याचे स्मरण मात्र क्वचितच होते.